डोंगर, सीमा आणि शेजाऱ्यांची झोप

मुंबईहून मध्यरात्रीनंतर सुटणारे झुरिकचे विमान तिकडे सकाळी सहा-साडेसहाच्या सुमारास पोहोचते. उन्हाळ्यात तोवर उजाडलेले असते आणि खिडकीशी बसलेल्या प्रवाशाला खाली झुरिकचे सरोवर, मग टेकड्यांवरची घरे अगदी जवळून दिसतात. तेच विमान दोन तास उशिरा आले, तर बहुधा ही घरे दिसणारच नाहीत. ते वायव्येकडून, जर्मनीच्या हद्दीवरून येईल आणि वेगळ्याच धावपट्टीवर उतरेल. वारा तोच, विमानतळ तोच. फरक पडतो तो घड्याळाने.

हा फरक का पडतो हे समजून घेतले की स्वित्झर्लंडमधल्या सगळ्याच विमानतळांचे गणित हळूहळू उलगडते. या देशाचे क्षेत्रफळ सुमारे ४१,००० चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राचा जेमतेम सातवा-आठवा हिस्सा. त्यातला अर्ध्याहून अधिक भाग आल्प्स पर्वताने व्यापलेला. उरलेल्या सपाट पट्ट्यात शहरे, शेती, रेल्वे, महामार्ग आणि बहुतेक लोकसंख्या दाटीने वसलेली आहे. धावपट्टीला दोन-तीन किलोमीटर सरळ, सपाट जमीन लागते आणि तिच्या दोन्ही टोकांपुढे आणखी कित्येक किलोमीटर मोकळे आकाश. एवढी मोकळीक इथे सहजासहजी मिळत नाही. त्यामुळे इथला प्रत्येक विमानतळ कुणाशी तरी केलेल्या समझोत्यावर उभा आहे: कुठे डोंगराशी, कुठे शेजारच्या देशाशी, कुठे खालच्या घरात झोपलेल्या माणसाशी.

कायद्याच्या नजरेतून पाहिले तर मोठे विमानतळ तीन: झुरिक, जिनिव्हा आणि बाझेल. त्याखाली बर्न, लुगानो, सियाँ, सामेदान यांसारखे प्रादेशिक विमानतळ आणि त्याखाली फ्लाइंग क्लबांची, ग्लायडरवाल्यांची छोटी मैदाने. सरकारकडून कन्सेशन मिळालेल्या विमानतळाला नियमांत बसणाऱ्या प्रत्येक विमानासाठी दार उघडे ठेवावे लागते. छोट्या मैदानाच्या मालकावर ते बंधन नाही. म्हणून तिथे उतरायचे असेल तर वैमानिक आधी फोन करून परवानगी घेतो.

आता झुरिककडे परत येऊ. तिथे तीन धावपट्ट्या आहेत आणि त्यांची नावे आकड्यांत आहेत. हे आकडे दिशेवरून येतात. होकायंत्रावर धावपट्टी ज्या अंशाकडे तोंड करून असेल, तो अंश जवळच्या दहाच्या पटीत धरायचा आणि शेवटचे शून्य सोडून द्यायचे. १६० अंशांकडे जाणारी ती १६. तीच पट्टी उलट दिशेने वापरली की ३४. पृथ्वीचे चुंबकीय उत्तर दरवर्षी थोडे थोडे सरकत असल्यामुळे हे आकडेही कायमचे नसतात. जिनिव्हाची पट्टी २०१८ पर्यंत ०५ आणि २३ होती. त्यानंतर ती ०४ आणि २२ झाली. डांबर-काँक्रीट जागचे हलले नाही, फक्त आकडे पुन्हा रंगवले आणि नकाशे नव्याने छापले.

झुरिकमध्ये दिवसा बहुतेक विमाने १४ क्रमांकाच्या पट्टीवर उतरतात. म्हणजे ती वायव्येकडून येतात आणि वायव्येला काही किलोमीटरवरच जर्मनीची सीमा आहे. विमानतळाचा फायदा स्वित्झर्लंडला आणि आवाज मात्र दक्षिण जर्मनीतल्या गावांना, अशी तक्रार तिथे वर्षानुवर्षे होती. दोन्ही देशांनी २००१ मध्ये करार केला, पण तो स्विस संसदेत टिकला नाही. मग जर्मनीने २००३ मध्ये आपल्या बाजूने नियम लावला: कामाच्या दिवशी रात्री ९ ते सकाळी ७ आणि शनिवार-रविवारी व सुट्ट्यांना रात्री ८ ते सकाळी ९ या वेळेत आमच्या हद्दीवरून खाली येत झुरिकला उतरायचे नाही. पुढे २०१२ मध्ये आणखी एक करार झाला, त्यालाही जर्मनीत मंजुरी मिळाली नाही. नियम आजही लागू आहे.

परिणाम असा की झुरिकचा दिवस तीन तुकड्यांत विभागला जातो. पहाटे विमाने दक्षिणेकडून येऊन ३४ वर उतरतात. मुंबईच्या प्रवाशाला ती घरे दिसतात, ती याच कारणाने. सात वाजले की दिशा बदलते: उतरणे १४ वर, उड्डाणे २८ आणि १६ वरून. रात्री नऊनंतर पुन्हा बदल. आता विमाने पूर्वेकडून २८ वर उतरतात आणि उड्डाणे उत्तरेकडे होतात. वेळापत्रक रात्री ११ ला संपते. उशीर झालेल्यांना साडेअकरापर्यंत सवलत असते आणि मग सकाळी सहापर्यंत विमानतळ जवळजवळ निःशब्द. रात्रीची लांब पल्ल्याची उड्डाणे सुटताना कर्मचाऱ्यांची जी धावपळ होते, ती या साडेअकराच्या रेषेमुळे. ती ओलांडली तर विमान सकाळपर्यंत जागेवरच.

हे सगळे करताना आणखी एक अडचण सांभाळावी लागते. १६ आणि २८ या पट्ट्या एकमेकींना छेदतात. एका पट्टीवरून विमान सुटले की ते छेदबिंदू ओलांडेपर्यंत दुसऱ्या पट्टीवरच्या विमानाला थांबवावे लागते. १५ मार्च २०११ रोजी दोन्ही पट्ट्यांवरच्या विमानांना जवळजवळ एकाच वेळी उड्डाणाची परवानगी दिली गेली. एका वैमानिकाला दुसरे विमान दिसले, त्याने वेग घेतलेले विमान ब्रेक लावून थांबवले आणि कुणालाही इजा झाली नाही. झुरिक कँटनच्या मतदारांनी ३ मार्च २०२४ रोजी २८ आणि ३२ या पट्ट्या लांब करायला कौल दिला, तो या पार्श्वभूमीवर. २८ ही पट्टी तिन्हींत आखूड, अडीच किलोमीटरची. ती ओली असली किंवा वारा प्रतिकूल असला की संध्याकाळी मोठ्या विमानांना दुसरीकडे वळवावे लागते आणि सगळी घडी विस्कटते. एवढ्या तांत्रिक प्रश्नावर लोकांनी मतपेटीतून निर्णय द्यावा, हे मला या देशाचे सर्वांत मोठे बळ वाटते. मात्र जर्मनीतल्या गावांना मिळालेली शांतता झुरिकच्या दक्षिणेकडच्या वस्त्यांच्या पहाटेतून आली आहे, हेही तितकेच खरे. आवाज नाहीसा होत नाही, तो फक्त वाटून घ्यावा लागतो.

बाझेलचा प्रश्न आवाजाचा नव्हता, जागेचा होता. ऱ्हाइन नदीकाठचे हे शहर फ्रान्स आणि जर्मनी या दोन्ही सीमांना चिकटून आहे. शहरालगतचे जुने मैदान वाढत्या विमानांना अपुरे पडू लागले आणि तीच जागा नदीबंदरालाही हवी होती. तेव्हा फ्रान्सने आपल्या हद्दीतली जमीन द्यायची आणि स्वित्झर्लंडने बांधकाम करायचे, असे ठरले. महायुद्ध संपून वर्षही झाले नव्हते. काम मार्च १९४६ मध्ये सुरू झाले आणि ८ मे १९४६ रोजी पहिली तात्पुरती धावपट्टी वापरात आली. रीतसर आंतरराष्ट्रीय करारावर सह्या झाल्या त्या ४ जुलै १९४९ रोजी, म्हणजे विमाने उतरू लागल्यावर तीन वर्षांनी.

आजही हा विमानतळ पूर्णपणे फ्रान्सच्या भूमीवर आहे. बाझेल शहरातून तिथे जाणारा रस्ता दोन्ही बाजूंनी कुंपण घातलेला आहे. गाडी फ्रान्समधून जाते, पण वाटेत फ्रान्समध्ये उतरायची सोय नाही. सामान घेऊन बाहेर पडताना समोर दोन वाटा येतात: एक स्वित्झर्लंडकडे, एक फ्रान्सकडे. स्वित्झर्लंड युरोपीय संघाच्या सीमाशुल्क व्यवस्थेत नसल्यामुळे या दोन दारांमागे दोन वेगळे कस्टम्स आहेत. भाड्याची गाडी कोणत्या बाजूने घेतली यावर तिची नंबरप्लेट, भाडे आणि ती परत करायची जागा ठरते. तिकिटांच्या यंत्रणेत या एकाच विमानतळाला तीन संकेताक्षरे आहेत: बाझेलसाठी बीएसएल, फ्रान्समधल्या म्यूलूझसाठी एमएलएच आणि दोघांसाठी मिळून ईएपी. धावपट्ट्या मात्र सर्वांना त्याच.

जिनिव्हात हीच गोष्ट दुसऱ्या रीतीने घडली. तिथला विमानतळ १९२० पासूनचा. जेट विमानांसाठी धावपट्टी लांबवायची वेळ आली तेव्हा पुढे फ्रान्सची सीमा आडवी आली. दोन्ही देशांनी १९५६ च्या कराराने जमिनीची अदलाबदल केली, सीमारेषाच थोडी सरकवली आणि १९६० पर्यंत ३,९०० मीटरची पट्टी तयार झाली. बदल्यात फ्रान्सला विमानतळाच्या आत स्वतःचा विभाग आणि तिथून फ्रान्सच्या फेर्ने-व्होल्टेर गावाकडे जाणारा स्वतंत्र रस्ता मिळाला. मोठी विमाने आजही त्या एकाच पट्टीवरून ये-जा करतात. एका बाजूला ज्युरा डोंगर, दुसऱ्या बाजूला आल्प्स, टोकाला सरोवर. दुसऱ्या मोठ्या पट्टीला जागा नाही.

जिनिव्हाच्या वाटेवर मराठी वाचकाने थोडे थांबावे असे एक ठिकाण आहे. शहरापासून सुमारे ७० किलोमीटरवर, फ्रान्स आणि इटलीच्या सीमेवर, मोंब्लाँ हे आल्प्सचे सर्वोच्च शिखर उभे आहे. मुंबईहून कैरोमार्गे जिनिव्हाला जाणारे एअर इंडियाचे ‘मलबार प्रिन्सेस’ ३ नोव्हेंबर १९५० रोजी त्याच्यावर आदळले. ४८ जण गेले. पुढे २४ जानेवारी १९६६ रोजी एअर इंडियाचेच ‘कांचनजंगा’ हे बोइंग ७०७ जवळजवळ त्याच जागी कोसळले. मुंबईहून दिल्ली-बैरुतमार्गे जिनिव्हाला निघालेल्या त्या विमानात ११७ जण होते आणि त्यांत अणुशास्त्रज्ञ होमी भाभा होते. विमानातल्या दिशादर्शक उपकरणांपैकी एक बंद होते. जमिनीवरच्या नियंत्रकाने राडारवर पाहून शिखरापासूनचे अंतर सांगितले, पण वैमानिकाच्या समजुतीत शिखर मागे पडले होते. त्याने खाली येणे चालूच ठेवले.

आज हे कसे टाळले जाते? नियंत्रकाच्या राडार नकाशावर प्रदेशाचे तुकडे पाडलेले असतात आणि प्रत्येक तुकड्याला एक किमान उंची ठरलेली असते. तिथला सर्वांत उंच डोंगर अधिक सुरक्षित अंतर, असा तिचा हिशेब. विमानाला दिशा देताना त्याखाली आणता येत नाही. विमानातही भूप्रदेशाचा नकाशा साठवलेली यंत्रणा असते. पुढे डोंगर असेल तर ती आधी सावध करते आणि मग विमान वर खेचायला मोठ्याने सांगते. यातला प्रत्येक नियम अशा एखाद्या अपघातानंतर आलेला आहे, म्हणून तो वाचताना मला तो कोरडा वाटत नाही.

दऱ्यांतल्या विमानतळांवर डोंगर इतके जवळ येतात की उतरण्याची रीतच बदलावी लागते. सर्वसाधारणपणे विमान तीन अंशांच्या उताराने खाली येते, म्हणजे दर किलोमीटरला साधारण ५२ मीटर. हा उतार धावपट्टीजवळून सोडलेल्या रेडिओ लहरी दाखवतात. एक लहर डावे-उजवे सांगते, दुसरी वर-खाली. इटालियन भाषक तिचिनो कँटनमधल्या लुगानोला टेकड्या आणि सरोवर यांच्यामधून यावे लागते, त्यामुळे तिथला उतार सहा अंशांहून अधिक, नेहमीच्या दुप्पट. इतक्या तीव्र उताराने येताना विमानाचा वेग वाढू द्यायचा नाही आणि अगदी शेवटी नाक उचलून तो उतार मोडायचा, हे प्रत्येक विमानाला जमत नाही. त्यासाठी विमानाच्या प्रकाराला वेगळी मान्यता आणि वैमानिकाला वेगळे प्रशिक्षण लागते.

इतके करूनही लुगानोची नियमित झुरिक सेवा २०१९ मध्ये बंद पडली. ती चालवणारी कंपनी दिवाळखोरीत गेली हे तात्कालिक कारण. पण गॉटहार्डचा मोठा बोगदा २०१६ मध्ये सुरू झाल्यापासून रेल्वेच इतकी वेगवान झाली होती की एवढ्या अंतरासाठी विमान कुणी धरावे, हा प्रश्नच होता. राजधानी बर्नचीही तीच अवस्था. तिचा विमानतळ छोटा राहिला, कारण झुरिक विमानतळाच्या खाली १९८० पासून आणि जिनिव्हाच्या लगत १९८७ पासून रेल्वे स्टेशन आहे. बर्नकर गाडीत बसतो आणि थेट विमानतळावर उतरतो.

सामेदानचे गणित हवेचे आहे. एंगाडिन खोऱ्यातला हा विमानतळ समुद्रसपाटीपासून १,७०७ मीटर उंचीवर, हिवाळ्यात सेंट मॉरिट्झला येणाऱ्या श्रीमंतांच्या खासगी जेट विमानांनी भरलेला. युरोपातल्या सर्वांत उंच विमानतळांमध्ये तो मोडतो. त्या उंचीवर हवा विरळ. पंखाला उचल मिळते ती हवेच्या कणांवरून, इंजिनाला जोर मिळतो तोही हवेतूनच. दोन्ही एकदमच घटतात. उन्हाने हवा तापली की ती आणखी विरळ होते. त्या उंचीवर प्रमाणभूत तापमान सुमारे ४ अंश धरले जाते. एखाद्या दुपारी ते २५ झाले तर विमानाच्या दृष्टीने धावपट्टी जणू २,४०० मीटरवर गेली. वेगदर्शक काटा नेहमीचाच आकडा दाखवतो, पण जमिनीच्या तुलनेत विमान त्याहून वेगाने पळत असते. त्यामुळे उडायलाही जास्त पट्टी लागते आणि थांबायलाही. आणि पट्टी आहे १,८०० मीटर. म्हणून तिथे वैमानिक इंधन मोजून घेतो, सामान कमी करतो किंवा उड्डाण सकाळच्या गारव्यात ठेवतो.

त्यातच या खोऱ्याचा वारा उलटा आहे. डोंगरी खोऱ्यांत दिवसा वारा सहसा खालून वर, खोऱ्याच्या डोक्याकडे वाहतो. इथे मात्र मालोया खिंडीपलीकडच्या खोल दरीतली तापलेली हवा खिंड ओलांडून येते आणि दुपारी खोऱ्याच्या उतारासोबत वाहू लागते. ग्लायडरवाल्यांना हा वारा प्रिय. नवख्या वैमानिकाची मात्र तो परीक्षा घेतो. तिथे उतरण्याआधी वैमानिकाने या साऱ्याचा अभ्यास करून येणे अपेक्षित असते, आणि ते योग्यच आहे. डोंगरातल्या विमान अपघातांत ‘इतक्या उंचीवर चढता येईल असे वाटले होते’ या कारणाचा वाटा मोठा आहे.

लष्कराने डोंगराशी वेगळा समझोता केला. शीतयुद्धाच्या काळात मायरिंगेनसारख्या दरीतल्या धावपट्ट्यांशेजारी कडे पोखरून गुहा तयार केल्या. विमाने आत, दारावर जाड पोलाद. धावपट्ट्याच उद्ध्वस्त झाल्या तर महामार्गावरून उडायचे, अशीही तयारी होती. मधला दुभाजक काढता येईल अशा बेताने काही सरळ टप्पे ठेवले होते. हा सराव अनेक वर्षांच्या खंडानंतर ५ जून २०२४ रोजी पुन्हा झाला. पायेर्न आणि आवाँश यांच्यामधला ए१ महामार्ग बंद करून एफ/ए-१८ विमाने त्यावर उतरवली गेली.

या तयारीतला एक मोठा दोष १७ फेब्रुवारी २०१४ च्या पहाटे उघडा पडला. इथिओपियन एअरलाइन्सचे विमान सहवैमानिकानेच पळवून जिनिव्हाला आणले. त्याच्यासोबत इटलीची आणि फ्रान्सची लढाऊ विमाने आली, स्वित्झर्लंडची नाहीत. कारण तेव्हा स्विस हवाई दलाची तत्पर सेवा कार्यालयीन वेळेपुरतीच होती. चोवीस तास, बाराही महिने दोन सशस्त्र विमाने सज्ज ठेवण्याची व्यवस्था २०२० च्या अखेरीस पूर्ण झाली.

आणि धावपट्टीच नसेल तर? १९ नोव्हेंबर १९४६ रोजी अमेरिकेचे एक डाकोटा विमान गाउली हिमनदीवर आदळून बर्फात रुतले. आत बारा जण, सगळे जिवंत. पायी निघालेले बचावपथक त्यांच्यापर्यंत पोहोचले, पण जखमींना उतरवणार कसे? २४ नोव्हेंबरला दोन स्विस वैमानिकांनी चाकांच्या जागी स्की बसवलेली हलकी श्टोर्ख विमाने थेट हिमनदीवर उतरवली आणि फेऱ्या मारून सर्वांना खाली आणले. तिथून आल्प्समधल्या हवाई बचावकार्याची सुरुवात मानली जाते.

सियाँचा वैमानिक हेर्मान गायगर याने या प्रकाराला शिस्त लावली. चाकांवर धावपट्टीवरून उडायचे आणि हवेतच स्की खाली सोडून बर्फावर उतरायचे, अशी जोडणी त्याने आपल्या छोट्या पायपर विमानाला केली आणि मे १९५२ मध्ये कांडर हिमनदीवर उतरून दाखवले. रीत अशी: आधी वरून एक-दोन चकरा मारून उतार, भेगा आणि वारा पाहायचा. मग उताराच्या खालच्या बाजूने, चढाकडे तोंड करून यायचे. चढच ब्रेकचे काम करतो, पण म्हणूनच इंजिन बंद करायचे नाही. उलट टेकल्यावर जोर द्यायचा, नाहीतर विमान अर्ध्यात थांबते. वर पोहोचले की थांबायच्या आत विमान उताराला आडवे वळवायचे. तोंड वरच ठेवले तर ते मागे घसरते. निघताना नाक खाली करून उतारावरून सुटायचे. वाऱ्यासाठी दिशा बदलायची सोय नाही आणि ठरावीक बिंदूनंतर उतरणे रद्द करून वर निघून जाणेही शक्य नाही, कारण समोर डोंगर असतो. आभाळ भरलेले असले की बर्फ आणि आकाश एकाच पांढऱ्या रंगाचे होते आणि जमीन किती खाली आहे हे डोळ्यांना कळेनासे होते. अशा वेळी न उतरणे हाच नियम.

आज १,१०० मीटरच्या वर पर्यटकांना नेण्यासाठी किंवा सरावासाठी मनाला येईल तिथे उतरता येत नाही. त्यासाठी सरकारने ठरवून दिलेल्या डोंगरी जागाच वापराव्या लागतात आणि कायद्याने त्या ४० च्या वर जाऊ शकत नाहीत. यांतल्या बऱ्याच हिमनद्यांवर आहेत. तिथे इमारत नसते, पट्टी आखलेली नसते, नियंत्रक नसतो. या जागांवरून गिर्यारोहण संघटना, हेलिकॉप्टर कंपन्या आणि पर्यावरणवादी यांच्यात अनेक वर्षे वाद चालू आहे. शांतता हवी म्हणणाऱ्यांची बाजू मला पटते, आणि त्याचबरोबर सराव नसलेला वैमानिक वादळात कुणाला वाचवू शकणार नाही, हा दुसऱ्या बाजूचा मुद्दाही खोडता येत नाही. बचावाच्या उड्डाणांना मात्र ही चाळीसची मर्यादा नाही. १९५२ मध्ये स्थापन झालेल्या रेगा या संस्थेचे लाल हेलिकॉप्टर जखमी माणूस असेल तिथे, कड्यावर किंवा शेतात, उतरते. आणि उतरता येत नसेल तर वरून दोर सोडते.